झीज वजा जाता

घर गायधनी काकांचं.
भिंती त्यांच्या, भिंतींतली ओलही त्यांचीच,
दारावरचा गणपतीसुद्धा टाइलमध्ये पक्का बसवलेला.
मी म्हटलं, विमा काढतेय.
म्हणाले, "कशाला गं? घराचा आहे की माझा."
आणि पाहुणीनं जेवायला येताना
स्वतःचं ताट आणावं, तसे बघत राहिले.

अशोक स्तंभाकडून घाटाकडे उतरणारी ही गल्ली.
इथं श्रावणात कुणी आभाळाकडे बघत नाही.
धरणातून किती क्युसेक सोडलं ते विचारतात,
आणि दुतोंड्या मारुतीच्या
गुडघ्याला, की कमरेला?
कमरेला म्हणजे चहा प्यायला वेळ आहे.
छातीला म्हणजे गाद्या माळ्यावर.

तीन पत्रकं पलंगावर मांडली.
पहिलं सगळ्यांत स्वस्त.
आग, चोरी, दंगल,
अंगावर विमान कोसळलं तरी भरपाई.
पूर मात्र सोळाव्या कलमात,
मुंगीच्या अक्षरात, वगळलेल्यांच्या यादीत,
युद्ध आणि अणुस्फोटाच्या शेजारी.
आम्ही तिला गंगा म्हणतो.
तिला त्या शेजारात बघून हसू आलं,
मग नाही आलं.

दुसऱ्याचा माणूस घरी आला, निनाद सानप,
टाय लावून, हेल्मेट मांडीवर.
"मिक्सर किती वर्षांचा?"
"अकरा."
"म्हणजे शून्य."
"कपाट?"
"लग्नातलं."
"साल सांगा."
साल सांगितलं. लग्नाचं पुढे काही सांगितलं नाही.
"झीज वजा जाता साडेचार हजार."
सकाळीच त्या शून्यात
मी शेंगदाण्याची चटणी वाटली होती.
त्यालाही दिली, अर्ध्या पोळीबरोबर.
बोट चाटत म्हणाला, "आणि मशीन?"

मशीन.
आधी पायाचं होतं. मोटर मी बसवली,
सहा हप्त्यांत.
त्याच्यावर शाळेचे गणवेश, गल्लीचे ब्लाउज, फॉल-पिको,
आणि मुग्धाचं सगळं, पहिल्या झबल्यापासून.
"घरगुती लिहू," सानप म्हणाला,
"कोण बघायला येतंय?"

तिसऱ्यांना फोन लावला.
दाणी नावाच्या बाई. शब्द मोजून बोलणाऱ्या.
"कमाई होते त्यावर?"
"होते."
"मग घरगुतीत बसत नाही.
लिहिलंत तर कुणी अडवणार नाही,
पण दावा कराल तेव्हा तपासायला माणूस येईल,
गिऱ्हाइकांची वही मागेल.
मशीनचं वेगळं घ्या. साडेतीनशे जास्त पडतील."

पैशांबद्दलचं वाईट
इतकं आधी, इतकं सरळ
मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलं, "आणि झबली?"
"काय?"
"मुलीची झबली शिवली त्यावर. ते घरगुती ना?"
बाई थांबल्या. मागे कुठं तरी प्रिंटर चालू होता.
"त्याला रकाना नाही हो," म्हणाल्या.

त्यांचीच घेतली.
रात्री डबा उपडा करून पावत्या काढल्या.
कपाट वडिलांच्या नावाचं.
टीव्ही त्याच्या.
गॅसचं पुस्तक अजून सासऱ्यांच्या.
एकटी मोटर माझ्या नावाची,
तीही दुकानदारानं आडनाव चुकवून लिहिलेली.
तरी अर्जात "वस्तूंचे मालक" पुढे
मी माझं नाव लिहिलं, पूर्ण,
पेन जरा दाबून. मागच्या पानावर उमटलं.
बेरीज एक लाख बारा हजार सहाशे.
दोनदा केली.
इतकं सामान घेऊन मी राहते आहे,
हे मला माहीत नव्हतं.

पॉलिसी लागू व्हायला सात दिवस.
बाहेर रिक्षावरून भोंगा चाललाय,
नदीकाठच्या नागरिकांनी, नदीकाठच्या नागरिकांनी.
मुग्धाला म्हटलं, मशीनखाली द्यायला
अंगणातून दोन विटा आण.
ती चार घेऊन आली.